मारोतीमामांच्या केळीची सोयरीक

मारोतीमामांनी मला केळीचा मुनवा द्यायला तीन वेळा नकार दिला. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याला लागून जमिनीतून जे पिल्लू वर येतं ते. केळ काही बी पेरून येत नाही. हे पिल्लू आईपासून सोडवायचं, दुसरीकडे लावायचं, की झाली नवी केळ. ज्याच्या दारात केळ असते त्याला मुनव्यांचं काय करावं ते कळत नाही. "घेऊन जा हो एखादा" म्हणून तो शेजाऱ्यांच्या मागे लागतो. आमच्या कंपनीत उलटी गंगा होती. लोक मामांच्या मागे लागायचे आणि मामा नाही म्हणायचे.

कंपनी भोसरीच्या एमआयडीसीत होती. कंपनी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. पत्र्याची शेड, दहाबारा मशिनी आणि गाड्यांना लागणारे बारीकसारीक पार्ट. मी तिथे स्टोअर सांभाळत होते. मामा फायनल इन्स्पेक्शनला. नांदेडकडचे, अर्धापूरच्या बाजूचे. उंची बेताची, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मापं घ्यायचा व्हर्नियर. मशिनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट त्यांच्या हाताखालून जायचा. पसंत पडला तर हिरवा टॅग, शंका असली तर पिवळा, नापास झाला तर लाल. लाल लागला की वस्तू भंगारात. मालक स्वतः येऊन "मामा, एवढा एक सोडा ना" म्हणाले तरी लाल टॅग निघायचा नाही. "मालाला तोंड नसतं साहेब," मामा म्हणायचे, "म्हनून आपन बोलायचं."

नापास पार्टवर ते कधी चिडायचे नाहीत. तो तळहातावर घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि शाळेत मार खाऊन आलेल्या लेकराला विचारावं तसं विचारायचे, "कामून रे बाबा?" मग टॅग बांधायचे. कौतुक करण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता. त्यांच्या तोंडची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "लाल न्हाई." ऑपरेटर लोक एवढ्यावर खूश असायचे. मामांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आम्ही विचारलं, सूनबाई कशी आहे? मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "लाल न्हाई." सूनबाईंच्या कानावर हे गेलं की नाही ते माहीत नाही, पण पुढे तिने त्यांना फार चांगलं सांभाळलं.

केळ कँटीनच्या मागे होती, भांड्यांचं पाणी वाहत जायचं त्या बाजूला. नोकरी लागल्यावर दुसऱ्या दिवाळीला मामा गावी गेले, तेव्हा आईने विहिरीजवळच्या केळीचा मुनवा गोणपाटात गुंडाळून त्यांच्या हातात दिला होता. फळ आखूड, जाडसर, साल पातळ, चवीला किंचित आंबूस. तिला जातीचं नाव नव्हतं. गावात विहिरीवरची केळ म्हणायचे, आम्ही मामांची केळ म्हणायचो. पुढे आई गेली. भावाने विहिरीच्या कडेपर्यंत हळद लावली आणि गावाकडची केळ संपली. भोसरीतली तेवढी राहिली.

तिच्या बेटात मामा तीनच जणी ठेवायचे. "आई, लेक आन नात," ते बोटांवर मोजून सांगायचे, "चौथी आली का सोयरीक बघायची." हे बोलणं आम्हाला आधी गंमत वाटायचं. मग लक्षात आलं की गंमत आम्ही करतोय, मामा नव्हे.

मुनवा पाहिजे असं कुणी म्हटलं की मामा म्हणायचे, "जागा दाखवा." रविवारी सकाळी त्यांची जुनी स्कूटर त्या माणसाच्या दारात उभी. पानी कुठलं येतंय? वारा कुन्या अंगाचा? शेजारी शेळी हाय का? दुपारी घरी कोन असतंय? घरातली बाई चहा घेऊन यायची. मामा चहाला हात लावायचे नाहीत, कारण स्थळ पसंत पडलं तर ते उद्या लेकीचं सासर होणार, आणि आमच्यात बाप लेकीच्या घरचं खात न्हाई, असं ते सांगायचे. स्थळ पसंत पडलं नाही, तर नकार देऊन वर चहा प्यायचा हे बरं दिसत नाही. म्हणजे चहा दोन्हीकडून वाया.

सीएनसी मशिनवरचा प्रशांत हुशार. त्याने मोशीतल्या आपल्या सोसायटीच्या बागेचे फोटो मोबाइलवर आणले. हिरवळ, कारंजं, बाकं, सगळं झकास. मामांनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"झाडलोट कोन करतंय?"

"हाउसकीपिंगची माणसं आहेत ना मामा."

"वाळकी पानं दिसली का तोडत्याल. घड धरला का बुंधा वाकतोय, त्यांला वाटंल झाड पडायलंय. ते बी तोडत्याल. नको बा."

"अहो, मी सांगून ठेवतो त्यांना!"

"तू ड्युटीवर असशील तवा?"

प्रशांतने मोबाइल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन पार्ट लाल झाले, पण त्याचा आणि केळीचा काही संबंध नव्हता, असं मामांनी त्याला स्वतः जाऊन सांगितलं.

माझी कथा याहून वाईट. मी दापोडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत मोठा ड्रम ठेवते म्हटलं, तर मामा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर? पोरीला माळ्यावर कोंडू का ताई?" पुढच्या वर्षी मी नणंदेच्या अंगणाचं नाव पुढे केलं. "एकीनं मागायची आन दुसरीच्या घरी नांदवायची?" तिसऱ्या वेळी मी नुसतं तोंड उघडलं होतं.

आणि मग सुमनताईंना मुनवा मिळाला. सुमनताई आमच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. दापोडीतच, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत, तळमजल्याची खोली. बाजूला दोन दारांएवढी रुंद मोकळी पट्टी आणि मोरीचं पाणी तिथेच जाणारं. मी त्यांच्या शेजारचीच म्हणून त्या रविवारी मला साक्षीला बोलावलं होतं. मामांनी पट्टी पाहिली, माती चिमटीत घेऊन चोळली आणि प्रश्न सुरू केले. चौथ्या प्रश्नाला सुमनताईंनी कमरेवर हात ठेवले.

"मामा, तुमची केळ इतकी वर्षं कुणाच्या पाण्यावर वाढली? माझ्या भांड्यांच्या. निम्मी माझीच आहे ती. आता मला विचारताय दुपारी घरी कोण असतं?"

मामा हसले. मामांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मिशांमुळे दिसत नसावं. "उद्या घेऊन जा," ते म्हणाले.

मुनवा सोडवायचा सोहळा मी तेव्हा प्रथम पाहिला. बुंध्याशी दोन पिल्लं होती. एक रुंद पानांचं, गुटगुटीत. दुसरं निमुळत्या पानांचं, काटकुळं. सुमनताईंनी गुटगुटीत दाखवलं. "ते दिसायला हाय," मामा म्हणाले. "आईच्या जिवावर फुगलंय. याला घ्या. याची मुळं याची सवताची हायत." मग त्यांनी मोठ्या केळीला हळदकुंकू लावलं आणि तिच्या बुंध्याभोवती खण बांधला. लेक द्यायची तर आधी आईची ओटी भरायला पाहिजे. आम्ही बायका पदराआड हसत होतो. मामांनी माती बाजूला केली आणि टूलरूममध्ये धार लावून घेतलेली पहार आई आणि लेकीच्या मधे बरोबर टेकवली. एकच घाव. दोन घातले तर आईला लागतं म्हणे. मुनवा कंदासकट, मुळांसकट हातात आला. पानं छाटली, जखमेला राख चोळली, कंदाला व्हर्नियर लावून काहीतरी पुटपुटले आणि एक दिवस सावलीत ठेवायला सांगितलं.

पुढच्या वर्षी सुमनताईंच्या केळीने घड दिला. त्यांनी एक फणी कँटीनमध्ये आणली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मामांनी एक केळं हातात घेतलं, वास घेतला, परत ठेवलं. दिवाळीत मात्र ते स्कूटरवरून दिलेल्या साऱ्या लेकींना भेटून यायचे. चिखली, दिघी, दापोडी. पाच मिनिटं उभं राहायचं, पानांमागे हात फिरवायचा आणि निघायचं. पाणीसुद्धा नाही.

मामांच्या रिटायरमेंटला थोडे दिवस उरले आणि मालकांनी जाहीर केलं की कंपनी चाकणकडे, महाळुंग्याला जाणार. भोसरीची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची, त्याआधी मागचं आवार सपाट करून कोबा टाकायचा. आम्हाला वाटलं मामा खचतील. मामा उलट खुशीत. भावाशी त्यांचं बोलणं झालं होतं. विहिरीजवळचा एक कोपरा भाऊ हळदीतून मोकळा करून देणार होता. मामा रिटायर होऊन गावी जाणार आणि आईने दिलेली केळ होती तिथे परत लावणार. एक निमुळत्या पानांचा मुनवा त्यांनी हेरून ठेवला होता. आवार सपाट करायचं काम सोमवारी होतं. रविवारी दहा वाजता मुनवा सोडवायचा, असं ठरलं.

शिफ्टिंगची पद्धतही मामांनीच मालकांना सुचवली होती. हिरवा टॅग असेल ते महाळुंग्याला. पिवळा असेल ते आहे तिथे राहू द्यायचं. लाल दिसेल ते उचलून टाकायचं. कंत्राटदाराच्या माणसांना हे एका मिनिटात समजलं आणि शनिवारपर्यंत काम इतकं सुरळीत झालं की सोमवारचा जेसीबी रविवारी सकाळीच आला.

शनिवारी संध्याकाळी मामांनी केळीची ओटी भरली होती. हळदकुंकू लावलं होतं, बुंध्याला खण बांधला होता. नवा, चांगला, लालभडक खण.

मी तो शनिवारी पाहिला होता. किती छान दिसतोय, असंच मला वाटलं. स्टोअरमध्ये दिवसभर लाल-हिरवे टॅग मोजत होते मी, पण डोक्यात आलं नाही. मामांच्याही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लाल म्हणजे बाद असं बजावलं, त्याला आपल्या केळीपाशी गेल्यावर लाल म्हणजे ओटी एवढंच आठवलं. रविवारी मी आत सामान मोजत होते. जेसीबीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं मागची भिंत पाडतायत. बाहेर आले तर बेट कंदासकट उपटून मलब्याच्या डंपरमध्ये गेलं होतं आणि डंपर निघून गेला होता.

मामा बरोबर दहाला आले, हातात पहार. जेसीबीवाला बिचारा घाबरून म्हणाला, "मामा, लाल होतं ना त्याच्यावर!"

मामांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं. "तुझी चूक न्हाई बाबा," ते म्हणाले. "पद्धत बरोबर हाय." मग त्यांनी डंपर कुठे गेला ते विचारून घेतलं आणि स्कूटरला किक मारली. दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत मातीने भरून. मलब्याच्या ढिगात काही सापडलं नव्हतं.

मामा दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला वेळेवर हजर होते. काम नेहमीसारखं. पण आठ दिवस त्यांनी एकाही पार्टला "कामून रे बाबा" असं विचारलं नाही. मुकाट्याने टॅग बांधत राहिले. मला ते बघवत नव्हतं. मालकांनाही वाईट वाटलं. त्यांनी नर्सरीतून टिश्यूकल्चरची रोपं मागवली, सगळी एका उंचीची, एका जाडीची. मामांनी ती कुंपणाच्या कडेने ओळीत लावली, त्यांना आळी केली. कशी आहेत विचारलं तर म्हणाले, "लाल न्हाईत. गुनाची हायत. पन वळखीची न्हाईत."

ज्यांच्या ज्यांच्याकडे मामांची केळ होती ते सगळे एकेक करून येऊन गेले. चिखलीचे आले, दिघीचे आले. मामा, आमच्यातला एक मुनवा घेऊन जा. मामांनी सगळ्यांना हात जोडले. "दिलेली लेक मागं मागायची न्हाई," ते म्हणाले. मी चिडले. म्हटलं, मामा, झाड आहे ते! आई तुमची, केळ तुमची, गाव तुमचं, अडलंय कुठं? मामा माझ्याकडे वळले. "ताई, आजवर मी सगळ्यांला हेच सांगून मुनवे दिले. तुमाला तर दिला बी न्हाई. आता माझ्यावर आलं का पद्धत बदलू?" पद्धतीच्या बाबतीत माणूस पक्का होता आणि त्याच पक्केपणावर आमचं प्रेम होतं. रिटायरमेंट दहा दिवसांवर आली. विहिरीजवळचा कोपरा मोकळा होऊन वाट बघत होता, आणि मामा रिकाम्या हाताने जायला निघाले होते.

त्या रविवारी सुमनताईंनी मामांना दापोडीला बोलावलं. मलाही. मामा आले, सवयीने दारातच उभे राहिले. सुमनताई त्यांना बाजूच्या पट्टीत घेऊन गेल्या.

"मोजा," त्या म्हणाल्या.

मामांनी मोजल्या. आई, लेक, नात. आणि भिंतीकडे निमुळत्या पानांची चौथी.

"चौथी आली की काय करायचं, मामा?"

"सोयरीक बघायची. बघा की तुमच्या गल्लीत कोनी."

"सोयरीक नाही बघायची मला. हिला आजोळी पाठवायचीय."

मामांनी चौथीच्या पानामागे हात फिरवला.

"हे बघा मामा," सुमनताई म्हणाल्या, "मी बुद्धाची माणूस. तुमचे ओटी नि खण माझ्याकडे चालत नाहीत, माहितीय तुम्हाला. पण तुमच्याच रिवाजाने बोलते. दिलेली लेक परत मागायची नाही, बरोबर. तुम्ही मागितली नाही. पण नात आजोळी निघाली, तर आजोबा तिला दारातून हाकलून देतो का? असं करतात तुमच्या नांदेडला?"

"न्हाई," मामा म्हणाले. मग चौथीकडे बघत, "न्हाई करत."

"मग जागा दाखवा."

"आं?"

"पाणी कुठलं? वारा कुठल्या बाजूचा? शेळ्या आहेत का?"

आणि मारोतीमामा, मालकांपुढे कधी न वाकलेला माणूस, त्या दोन दारांएवढ्या पट्टीत हात मागे बांधून उत्तरं द्यायला लागला. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पण टिकतं. वारा पश्चिमेचा, पण मधे चिंच आहे. शेळ्या भावाच्या आहेत, कुंपण घालीन. मी हसत होते, पण आवाज येऊ देत नव्हते.

"आणि दुपारी घरी कोण असतं?" सुमनताईंनी विचारलं.

"मीच," मामा म्हणाले. "आता दिवसभर मीच हाय." आणि ते पायरीवर बसले आणि रुमालाने चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसून झाल्यावर डोळे पुसले. सुमनताईंनी त्यांना पाणी आणून दिलं. मामांनी तांब्याकडे पाहिलं, सुमनताईंकडे पाहिलं आणि गटागटा पिऊन टाकलं.

पहार सुमनताईंनीच मारली. मामा म्हणाले, पाठवणारीनं मारायची. मामांनी नुसती जागा दाखवली. एकाच घावात मुनवा सुटला, आणि सुमनताईंनी असा काही चेहरा केला की जणू जन्मभर त्या हेच काम करत आल्या आहेत.

मामा गावी निघाले त्या दिवशी आम्ही दोघी नाशिक फाट्यावर त्यांना पोचवायला गेलो. नांदेडची ट्रॅव्हल्स संध्याकाळी तिथून निघते. सामान डिकीत गेलं. मुनवाही डिकीत ठेवा, असं क्लीनर म्हणाला. मामांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बाजूला झाला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मुनवा मांडीवर घेऊन मामा खिडकीशी बसले. मी मनात बरंच काही बोलायचं ठरवून आले होते. इतकी वर्षं एका शेडखाली काढली, आभार मानायचे होते, सांभाळून राहा म्हणायचं होतं. मी काचेवर टकटक केलं. सुमनताईंनी हात हलवला. मामांचं लक्ष नव्हतं. ते मान वर करून डोक्यावरच्या एसीच्या भोकाकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी केली आणि उभं राहून ते भोक नीट बुजवायला लागले. गार वारा मुनव्याला लागत होता. गाडी हलली, फाट्याच्या वळणाला लागली, तरी मामा उभेच होते, एक हात वर रुमालावर आणि दुसऱ्या हाताने गोणपाट छातीशी धरलेलं. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला आधी राग आला आणि मग इतकं बरं वाटलं की मी सुमनताईंचा हात घट्ट धरला.